चौथं बटण

महिन्याच्या पहिल्या तारखेला बॅज गोळा करायचं काम माझ्याकडे असतं. काम सोपं आहे. हॉलच्या बाहेर भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिच्यावर चोवीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली एक नंबर. मशीनच्या हॉलमध्ये जाणाऱ्याने आपला बॅज छातीला लावायचा, बाहेर आल्यावर आपल्या खिळ्याला टांगायचा. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी असते ती. तिच्यात एक पट्टी. अंगावर किती किरणं पडली ते त्या पट्टीला कळतं, माणसाला कळत नाही. पहिल्या तारखेला मी जुन्या पट्ट्या काढतो, नव्या घालतो, जुन्या पाकिटात भरून तपासणीला पाठवतो. तीन आठवड्यांनी कागद येतो. प्रत्येक नंबरापुढे एक आकडा.

त्या महिन्यात मी नेहमीसारखी सतरा नंबरची पट्टीसुद्धा बदलली. सतरा नंबर मामांचा होता. मामा जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. नंबर रद्द करायला एक पत्र लिहावं लागतं, ते कोणी लिहिलं नाही. त्यामुळे दर महिन्याला सतरा नंबरची नवी पट्टी येत राहिली, मी ती टांगत राहिलो, आणि महिनाभर कोणीही हात न लावलेली ती पट्टी परत पाठवत राहिलो. कागदावर सतरापुढे शून्य यायचं. अठरा माझा. मी मशीनचे गरम झालेले भाग हाताळतो, म्हणून माझ्यापुढे थोडंसं काहीतरी यायचंच. शून्य पूर्णांक तीन, चार. त्याला कोणी विचारत नाही.

तीन आठवड्यांनी कागद आला. अठरापुढे शून्य होतं. सतरापुढे शून्य पूर्णांक तीन.

मी कागद घेऊन सरांकडे गेलो. सर या प्रयोगशाळेचे मुख्य. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, टेबलावर कायम थंड झालेला चहा.

"बदलताना अदलाबदल झाली असेल रे," ते म्हणाले. "सतरा आणि अठरा शेजारी शेजारी. झोप झालीय का तुझी?"

झाली नव्हती. त्या दिवसांत कोणाचीच होत नव्हती. मशीन पस्तीस वर्षांचं, दर आठवड्याला काहीतरी गळायचं, आणि त्यावर काम करणारी माणसं निम्मी राहिली होती. मी हो म्हणालो. पण पुढच्या महिन्यात माझ्या बॅजला मी आतून लाल दोरा बांधला. सतरा नंबरच्या खिळ्यावर कागदाची चिकटपट्टी लावली, म्हणजे बॅज काढला तर ती फाटेल.

चिकटपट्टी फाटली नाही. दोरा जागेवर होता. कागदावर अठरापुढे शून्य आणि सतरापुढे शून्य पूर्णांक चार.

यावेळी मी सरांकडे गेलो नाही.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं मशीन प्रोटॉन पळवतं. प्रोटॉन म्हणजे काय ते मला मामांनी सांगितलं. शाळेत तो धडा येण्याआधीच मी शाळा सोडली होती. हॉलच्या एका टोकाला ते सुटतात, हवा काढून घेतलेल्या नळीतून धावतात, खोलीएवढ्या चुंबकांपाशी वळतात, आणि कोणाच्या तरी प्रयोगाच्या नखाएवढ्या पत्र्यावर आदळतात. त्या धारेला आम्ही बीम म्हणतो. वापरून उरलेला बीम हॉलच्या दुसऱ्या टोकाला, शिशाच्या आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ढिगात जाऊन संपतो. त्या ढिगाचं नाव मामांनी मोरी ठेवलं होतं. "शेवटी सगळं मोरीतच जातं, मास्तर," असं म्हणायचे. सरसुद्धा मोठ्या पाहुण्यांसमोर चुकून मोरी म्हणायचे आणि मग ओशाळायचे.

मास्तर म्हणजे मी. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला, जिथे ज्याला त्याला डॉक्टरेट आहे अशा ठिकाणी मास्तर म्हणायचं, ही मामांची गंमत. दुसरी गंमत माझ्या खाकरण्याची. मला कोणाशी बोलायचं म्हणजे आधी घसा खाकरावा लागतो. लहानपणापासून आहे ते. "हं, मास्तर खाकरले," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. "बसून घ्या. आता पाच मिनिटांत वाक्य येईल."

मामा माझे सख्खे मामा नव्हते. सगळ्यांचेच मामा होते. पण मला कामाला त्यांनी लावलं, पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं, आणि दर रविवारी मामींच्या हातचं मी त्यांच्याच घरी जेवायचो.

बीम चालू असताना हॉलमध्ये माणूस असता कामा नये. म्हणून बीम सोडण्याआधी एकाने हॉलभर फिरून आत कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं. त्यासाठी भिंतीवर पाच ठिकाणी पाच बटणं आहेत. पहिलं दाबलं की चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात बाकीची क्रमाने दाबायची. पाचवं दाराशी. पाचही दिवे हिरवे झाले आणि दार लागलं, तरच बीम सुटतो. एखादं राहिलं तर फेरी पहिल्यापासून. प्रत्येक बटणापाशी थांबून मोठ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. ही मोजायची सवय मामांची. "नुसता ओरडत सुटू नकोस," ते म्हणायचे. "माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो."

चौथं बटण मोरीच्या मागे आहे. तिथे जायचं तर नळीखालून वाकून, जवळजवळ रांगत, दोन हात रुंद बोळात शिरावं लागतं. शहाण्या माणसांनी त्यावर उपाय काढला होता. तिसऱ्या बटणापाशी ठोकळ्यांना टेकून एक काठी उभी असायची, ॲल्युमिनियमची, टोकाला रबर लावलेलं. तिसऱ्या बटणापाशी उभं राहून ठोकळ्यांवरून ती काठी पलीकडे घातली की चौथं बटण दाबता यायचं. काठी माझ्या आधीपासूनची. रबर कोणी लावलं ते माहीत नाही. मामांना तिचा राग होता. मी कामाला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला ती दाखवली आणि म्हणाले, "ही ओळखून ठेव. हिला हात लावायचा नाही."

तर ते कागद दोनदा तसे आले, त्यानंतरच्या सोमवारी ताईंचा बीम सुरू व्हायचा होता. ताई म्हणजे सरांची विद्यार्थिनी. सहा वर्षं प्रबंधावर काम चाललेलं. त्या सोमवारपासून त्यांना नऊ दिवस मिळाले होते, आणि ते शेवटचे. त्यानंतर मशीन दुरुस्तीसाठी महिनाभर बंद, आणि दुरुस्तीनंतर दुसऱ्यांचे नंबर लागलेले.

"दादा, आज गडबड नको हं," सकाळी कंट्रोल रूममध्ये त्या मला म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. मधल्या काळात माझं लग्न ठरलं, मोडलं, परत त्याच माणसाशी ठरलं. बीम मात्र जाग्यावर येईना."

मी खाकरलो आणि म्हणालो, "येईल ताई."

सकाळचे साडेदहा झाले होते. पण हॉलला खिडकी नाही. आत गेल्यावर दिवस असो की काही असो, सारखंच. फेरी सुरू झाली की मोठे दिवे आपोआप विझतात आणि पिवळे लहान दिवे राहतात, म्हणजे आत कोणी असलंच तर त्याला कळावं. हवा काढणारे पंप खाली कुठेतरी एकसुरात घरघरत असतात. तेलाचा कोमट वास असतो, आणि त्यात मिसळलेला, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा एक तिखट वास.

पहिलं बटण. "आत कोणी आहे का?" पाचपर्यंत मोजलं. दुसरं बटण. मोजलं. तिसऱ्यापाशी आलो, तेही दाबलं. काठी उचलली.

हो, काठी. ते पुढे सांगतो.

"आत कोणी आहे का?" मी विचारलं. एक, दोन, तीन...

"कोणी नाही."

मोठा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीतून, हातातलं काम न सोडता कोणी बोलावं तसा. मोरीच्या मागून.

माझ्या हातातली काठी ठोकळ्यांवर तशीच आडवी राहिली. पंप घरघरत होते. मला वाटलं, ताई माइकवरून काही बोलल्या असतील. हॉलमध्ये माइक कायम चालू असतो, कंट्रोल रूममध्ये सगळं ऐकू जातं.

"ताई... तुम्ही बोललात?"

"नाही दादा. का हो? दीड मिनिट राहिलंय."

मी परत विचारलं. आता हळू. "आत... कोणी आहे का?"

पाच मोजून झाले. काही नाही. सहा, सात...

"कोणी नाही, मास्तर."

मला मास्तर म्हणणारा एकच माणूस होता.

मी बटण दाबलं नाही. चार मिनिटं संपली, भोंगा एकदा वाजला, हिरवे झालेले तिन्ही दिवे विझले. माइकवर ताईंनी मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. त्या रागावल्या नाहीत. रागवायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"दादा, काय झालं? कोणाशी बोलत होतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "परत करतो."

पण मी दाराकडे गेलो नाही. तिथेच ठोकळ्यांना टेकून खाली बसलो. आणि जे अडीच वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं एकदम आठवलं.

अडीच वर्षांपूर्वी असाच एक थकलेला दिवस होता. तीन वेळा बीम बंद पडला होता, तीन वेळा फेरी मारून झाली होती. चौथ्या वेळी मी काठी उचलली. पहिल्यांदाच. गुडघे दुखत होते, आणि आत कोणी नाही हे मला ठाऊक होतं, कारण सगळ्या किल्ल्या फळीवर होत्या. हॉलमध्ये जाणाऱ्याने बॅजबरोबर एक किल्लीही घ्यायची असते. एक जरी किल्ली फळीवर परत आली नसेल तरी बीम सुटत नाही.

मामा किल्ली न घेता आत गेले होते. त्यांचा चष्मा मोरीमागे राहिला होता. दोन मिनिटांचं काम म्हणून, दार उघडं आहे तोवर, बॅज लावलेला कोट खुर्चीवर टाकून तसेच गेले. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं असेल त्यांनी. पंपांपाशी तीस वर्षं काढल्यामुळे एका कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. मी विचारलं होतं, "आत कोणी आहे का?" मी पाचपर्यंत मोजलं नाही.

दार लागलं. बीम सुटला. आणि मग आतला लाल स्विच कोणीतरी दाबल्यामुळे सगळं बंद पडलं. मी दार उघडलं तर मामा समोर उभे होते. चष्मा नव्हता. दोन्ही तळहात आणि गुडघे धुळीने भरलेले.

"किती वेळ..." मी म्हणालो. 

"ऐक," ते म्हणाले. "सर येतील आता. आत कोणी नव्हतं. स्विच जुना आहे, आपोआप पडला."

"मामा, पण डॉक्टरकडे..."

"मी किल्ली घेतली नाही, तू मागे गेला नाहीस. दोघांनाही काढतील. माझं सोड, मी आज आहे उद्या घरी बसेन. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला परत कोण मशीनला हात लावू देईल रे?"

सर आले. त्यांनी विचारलं, "आत कोणी होतं का?" मामा म्हणाले, "कोणी नाही." वहीत नोंद मी केली. माझ्या अक्षरात. 'आणीबाणीचा स्विच आपोआप पडला. हॉल रिकामा होता.'

मामांनी तो चष्मा परत आणला नाही. नवा करून घेतला. वर्षभराने ते थकायला लागले. जिने चढताना मध्ये बसायचे. रक्ताचं काहीतरी निघालं. ते गेल्यावर तेराव्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर सारखं विचारत होते, कधी जास्त किरणं लागली होती का म्हणून. हे नाही म्हणाले. तू तर रोज बरोबर असायचास. कधी काही झालं होतं का रे?"

मी खाकरलो. "नाही मामी," म्हणालो.

त्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही.

आणि काठी. माणसाला वाटेल, एवढं झाल्यावर मी काठी मोडून टाकली असेल. तसं झालं नाही. त्या दिवसानंतर मला मोरीमागे जाववेना. त्यामुळे उलट रोजच काठी वापरू लागलो. मामांना ते दिसायचं. ते काही बोलले नाहीत. अडीच वर्षांत त्या कोपऱ्यात एकही माणूस गेला नव्हता, आणि अडीच वर्षं मी हॉल रिकामा म्हणून लिहीत होतो.

मी उठलो. काठी भिंतीला टेकवली आणि नळीखालून वाकून बोळात शिरलो.

आत पिवळा दिवा पोचत नाही. हाताला धूळ लागत होती, मऊ, पिठासारखी. आणि वास आला. तेलाचा नाही. खोकल्याच्या गोळीचा, तो थंडगार, नाकात चढणारा. मामा हॉलमध्ये कायम गोळी चघळत असायचे. आत खायला बंदी आहे म्हटलं की म्हणायचे, "गोळी म्हणजे औषध, औषध म्हणजे खाणं नव्हे."

"मामा..." मी म्हणालो.

एक. दोन. तीन. चार. पाच.

कोणी बोललं नाही. पण समोर, बोळाच्या टोकाला, कोणीतरी मला वाट देण्यासाठी अंग चोरून भिंतीशी सरकावं, तसं कापड भिंतीला घासल्यासारखं झालं.

मी विजेरी लावली. कोणी नव्हतं. कमरेएवढ्या ठोकळ्यावर मामांचा चष्मा होता. काड्या मिटून नीट ठेवलेला. काचा कडक चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. किरणांनी काच अशी काळवंडते, हे मला माहीत होतं. मशीनजवळच्या जुन्या काचा तशाच होतात. त्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ठोकळ्यावर अडीच वर्षांची धूळ बोटभर साचली होती आणि चष्म्यावर कण नव्हता. नुकताच पुसून ठेवावा तसा.

मी तो उचलला, चौथं बटण हाताने दाबलं. वेळ संपलेली होती, त्यामुळे ते पेटलं नाही. मी बाहेर आलो. दाराशी जाऊन परत पहिल्यापासून फेरी मारली. पाचही बटणं. पाचही वेळा विचारलं, पाचही वेळा मोजलं. उत्तर आलं नाही. ताईंना अकरा वाजून दहा मिनिटांनी बीम मिळाला.

नऊ दिवस मी काही बोललो नाही. ताईंचं काम पुरं होऊ दिलं. माझ्यामुळे कोणाचं तरी काही मोडलं होतं, आणखी एक नको होतं. दहाव्या दिवशी मशीन थंड झाल्यावर मी चष्मा सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. खाकरत, थांबत, पण सगळं. काठीचंही.

 सरांनी जुनी वही काढली, त्या दिवसाचं पान काढलं. बीम किती वेळ होता ते मशीन स्वतः लिहून ठेवतं. एकोणीस सेकंद. सरांनी एका कागदावर आकडेमोड केली, दोनदा खोडली, आणि खाली, बॅजच्या कागदावर असतं त्याच मापात, लिहिलं, अडतीस.

"वर्षाला वीस चालतात," ते म्हणाले. "हे त्याच्या जवळजवळ दुप्पट, एकोणीस सेकंदांत. एवढ्याने माणूस मरतोच असं नाही." त्यांनी डोळे चोळले. "मरत नाही असंही मी म्हणू शकत नाही. तू हे मामींना सांगितलंस?"

"आज जातो."

"जा. मग तुझं काय करायचं ते बघू. आणि ती काठी आण इकडे."

वर्कशॉपमध्ये कोणी नसताना मी काठीचे चार तुकडे केले. सरांनी चष्मा तपासून दिला. त्यात धोक्याचं काही उरलं नव्हतं.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला, खिडकीबाहेर बघितलं. दुपार होती.

"ह्याच्यातून सगळं संध्याकाळसारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला नाही म्हणाले ते ठीक. डॉक्टरला का नाही म्हणाले रे? डॉक्टर काय तुला कामावरून काढणार होता?"

 मी खाकरलो आणि उठून सांडलेलं दूध पुसायला लागलो. निघताना त्या म्हणाल्या, "रविवारी ये." कशा सुरात म्हणाल्या ते मला आजही सांगता येत नाही.

मशीन महिनाभर बंद होतं. त्या महिन्यात हॉलमध्ये एकदाही बीम आला नाही. मी छातीला बॅज लावून पंप पुसत होतो, नळीचे जोड बदलत होतो. रात्री झोप लागायला लागली होती. पहिल्या तारखेला पट्ट्या बदलल्या, पाठवल्या. सतरा नंबर रद्द करायचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं होतं, पण तो महिना धरून शेवटची पट्टी गेली.

कागद आला तो सरांच्या हातात. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक तपासणीचा, एक त्यांच्या आकडेमोडीचा.

सतरापुढे शून्य होतं. अठरापुढे अडतीस.

"कुठे ठेवत होतास बॅज?" सरांनी विचारलं.

"अंगावर. किंवा खिळ्याला."

"महिनाभर बीम नव्हता." ते मला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. "तुला बरं वाटतंय ना?"

"दमल्यासारखं वाटतं," मी म्हणालो. "पण ते सगळ्यांनाच वाटतं."

डॉक्टरांनी रक्त घेतलं. रक्तात काही निघालं नाही. दर महिन्याला या म्हणाले. नियमाप्रमाणे मला हॉलमध्ये जायची बंदी झाली. झालेल्या प्रकारानंतर माझं काम जायला हवं होतं. का गेलं नाही ते सरांना ठाऊक. त्यांनी मला कंट्रोल रूममध्ये बसवलं आणि फेरीचं काम वर्कशॉपमधल्या, हॉलमध्ये आजवर कधी पाऊल न टाकलेल्या फिटरकाकांकडे दिलं. पन्नाशीचा माणूस, अंगाने आडवा, कमी बोलणारा, देव-भूत काही न मानणारा. मी त्यांना बाहेर उभं राहूनच सगळं समजावलं. पाच बटणं, चार मिनिटं, प्रत्येक ठिकाणी विचारायचं, पाचपर्यंत मोजायचं. काठीचं बोललो नाही. काठी आता नव्हतीच. तुकडे मी स्वतः भंगारात टाकले होते, आणि हे सरांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

दुरुस्ती आणखी महिनाभर लांबली होती, त्यानंतरचा हा पहिला बीम. दुपारचे तीन. ताई आपला प्रबंध लिहिता लिहिता मदतीला येऊन बसल्या होत्या, नोंदीची वही त्यांच्यापुढे. मी त्यांच्या शेजारी. फिटरकाका आत गेले. स्पीकरमधून त्यांच्या बुटांचा आवाज यायला लागला.

"आत कोणी आहे का?" पहिला दिवा हिरवा.

"आत कोणी आहे का?" दुसरा. तिसरा.

मग बूट थांबले. नळीखालून वाकताना त्यांच्या तोंडून निघालेला उसासा ऐकू आला. कपडे ठोकळ्यांना घासले.

"आत कोणी आहे का?"

मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

स्पीकरमध्ये कोणीतरी घसा खाकरला. हळूच. चार माणसांत बोलायचं म्हणजे लाजणारा माणूस आधी खाकरतो तसा.

"कोणी नाही."

आवाज माझा होता.

माझे दोन्ही हात टेबलावर होते. छातीला सवयीने लावलेला बॅज होता, अठरा नंबरचा. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. चौथा दिवा हिरवा व्हायला वेळ लागला, पण झाला. मग पाचवा. ताईंनी वहीत लिहिलं, 'हॉल रिकामा.' आणि जांभई दिली.

फिटरकाका बाहेर आले. किल्ली लावली, बॅज टांगला. गुडघ्यांवरची धूळ झटकली नाही. माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"ते मागचं बटण," ते म्हणाले. "तिथे जावं लागू नये म्हणून एक काठी असते ना? रबर लावलेली. कुठे असते ती?"

"काठीचं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हॉलच्या दाराकडे.

"कोणी नाही," ते म्हणाले.